छत्तीस खणांचे कपाट: झॅकमन चौकटीची ओळख

गेल्या संक्रांतीची गोष्ट. इंग्लंडमधल्या आमच्या गावात दर रविवारी सकाळी मराठी शाळा भरते. चाळीसेक मुले, आठ शिक्षक, सगळा कारभार हौशी पालकांचा. त्या दिवशी एका पालकांनी घरी केलेले तिळगुळाचे लाडू आणले होते. सात वर्षांच्या एका मुलीने लाडू उचलला, आणि तेवढ्यात दुसऱ्या एका मुलाच्या आईचे लक्ष गेले म्हणून तो तिच्या हातातून काढून घेता आला. लाडवात दाण्याचे कूट होते. त्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे.

सुदैवाने काही झाले नाही. पण संध्याकाळी समितीची बैठक चांगलीच तापली. नावनोंदणी सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, "अ‍ॅलर्जी फॉर्मवर लिहिलेली आहे, सप्टेंबरपासून." लाडू आणणारे दादा म्हणाले, "मला तो फॉर्म कधी कुणी दाखवला?" दोघांचेही खरे होते. माहिती शाळेकडे होती, पण ज्याला हवी होती त्याच्याकडे, हवी त्या वेळी नव्हती.

मी पोटापाण्यासाठी एका मोठ्या कंपनीत संगणकप्रणालींच्या आखणीचे काम करते. ही भानगड मला तिथे नेहमी दिसते, फक्त तिथे लाडवाच्या जागी विम्याची पॉलिसी किंवा ग्राहकाचा पत्ता असतो. अशा वेळी दोष शोधायला एक जुने साधन फार उपयोगी पडते. त्याचे नाव झॅकमन चौकट. तुमच्यापैकी जे आयटीत आहेत त्यांनी हे नाव एखाद्या प्रशिक्षणात ऐकले असेल आणि लगेच विसरलेही असाल. आज आपण ती चौकट मराठी शाळेवर लावून बघूया. शाळेला जे लागू पडते तेच बँकेलाही पडते, फक्त आकार बदलतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ

एंटरप्राइज म्हणजे एखाद्या हेतूने एकत्र चालणारा कारभार. कंपनी, रुग्णालय, नगरपालिका, मंडळ, शाळा, काहीही. या कारभाराचे भाग कोणते, ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत आणि एक भाग हलवला तर दुसरे कोणते हलतील, याचे लिहून ठेवलेले वर्णन म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर. घराला नकाशा असतो तसाच हा कारभाराचा नकाशा.

पण घराचा तरी नकाशा एकच कुठे असतो? जमिनीचा वेगळा, खोल्यांचा वेगळा, विजेच्या तारांचा वेगळा, नळांचा वेगळा. कारभाराचेही तसेच. काही वर्षांत कागद, तक्ते, शीट आणि ईमेल यांचा ढीग जमतो. मग प्रश्न उरतो तो वर्गीकरणाचा: यातले काय कुठे ठेवायचे, आणि काय मुळात नाहीच, हे कसे कळायचे?

रिकाम्या जागेचे मोल

वर्गीकरण म्हटले की आपल्याला नीटनेटके कपाट आठवते. पण चांगल्या वर्गीकरणाचा खरा फायदा नीटनेटकेपणाच्या पुढचा आहे. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची सारणी मांडली तेव्हा साधारण ६३ मूलद्रव्ये माहीत होती. त्याने ती अणुभार आणि गुणधर्म अशा दोन्ही अंगांनी लावली, आणि जिथे काही बसत नव्हते तिथे ओढूनताणून काही न बसवता जागा मोकळी सोडली. अ‍ॅल्युमिनियमखालच्या जागी १८७५ मध्ये गॅलियम सापडले, सिलिकॉनखालच्या जागी १८८६ मध्ये जर्मेनियम. म्हणजे भरलेल्या घरांइतकेच रिकामे घरही बोलत होते.

झॅकमन स्वतःही आपल्या चौकटीची तुलना याच आवर्त सारणीशी करतात. ती का, हे पुढे कळेल.

चौकट आली कुठून?

जॉन झॅकमन आय.बी.एम. कंपनीत काम करत. मोठ्या ग्राहकांसाठी माहितीप्रणालींचे नियोजन हा त्यांचा विषय. १९८७ मध्ये त्यांनी आय.बी.एम. सिस्टिम्स जर्नल या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यातला मुद्दा असा होता: इमारती आणि विमाने बांधणाऱ्यांकडे गुंतागुंतीची वस्तू कशी वर्णन करायची याची मुरलेली रीत आहे. मग माहितीप्रणाली बांधणाऱ्यांनी तीच रीत का वापरू नये?

इमारतीच्या कामात त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली, एकाच इमारतीची वर्णने माणसागणिक वेगळी असतात. मालकाला दाखवायचे चित्र वेगळे, ठेकेदाराच्या हातातला नकाशा वेगळा. दुसरी, एकाच माणसासाठीही प्रश्नागणिक वर्णन वेगळे असते. सामान कशाचे, काम कसे चालते, काय कुठे आहे. या दोन गोष्टी म्हणजेच चौकटीच्या आडव्या ओळी आणि उभे रकाने. १९८७ च्या लेखात तीन रकाने तपशिलाने मांडले होते. १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात उरलेले तीन आले.

सहा रकाने: सहा 'क'

सहा रकाने म्हणजे सहा प्रश्न. मराठीत ते लक्षात ठेवायला फारच सोपे, कारण सगळे 'क'ने सुरू होतात.

१. काय? कारभार कोणत्या गोष्टींची नोंद ठेवतो. शाळेत: मुले, पालक, शिक्षक, पुस्तके, शुल्क, अ‍ॅलर्जी.
२. कसे? कोणती कामे चालतात. नावनोंदणी, वर्ग, परीक्षा, हॉलचे भाडे भरणे.
३. कुठे? कोणत्या ठिकाणी. भाड्याचा हॉल, शिक्षकांची घरे, ऑनलाइन शीट.
४. कोण? कोणत्या भूमिका आणि जबाबदाऱ्या. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षक, खजिनदार, हॉलची किल्ली सांभाळणारे.
५. केव्हा? कोणत्या वेळी, कोणत्या घटनेनंतर. सप्टेंबरात नोंदणी, रविवारी दहाला वर्ग, जानेवारीत संक्रांत.
६. का? कोणत्या हेतूने, कोणत्या नियमांनी. मुलांना आजी-आजोबांशी मराठीत बोलता यावे, आणि शाळेत ती सुरक्षित असावीत.

या रकान्यांना मोठा-लहान असा क्रम नाही. 'का' शेवटी आला म्हणून तो कमी महत्त्वाचा नाही. आणि एका रकान्याचे उत्तर दुसऱ्यात घालायचे नाही. "खजिनदार शुल्क घेतात" या वाक्यात कोण, कसे आणि काय असे तिन्ही आहेत. चौकटीत ते सुटे करून ठेवायचे.

सहा ओळी: सहा माणसांच्या नजरा

आता आडव्या ओळी. घर बांधण्याच्या क्रमानेच बघा.

पहिली ओळ नियोजकाची. साधारण कुठल्या जमिनीवर, किती मोठे, कशासाठी, एवढेच. शाळेच्या बाबतीत ही नुसती यादी असते.

दुसरी ओळ मालकाची. घरात राहणाऱ्याला दिसते तसे घर. शाळेत ती चालवणाऱ्यांची भाषा: एका पालकांची एकापेक्षा जास्त मुले असू शकतात, एका मुलाला एकही अ‍ॅलर्जी नसेल किंवा अनेक असतील.

तिसरी ओळ रचनाकाराची. आर्किटेक्टचे नकाशे इथे येतात. प्रत्येक मुलाला एक क्रमांक, आणि अ‍ॅलर्जीची नोंद वेगळी ठेवून त्या क्रमांकाने मुलाशी जोडलेली. इथे अजून वही की संगणक हे ठरलेले नाही.

चौथी ओळ बांधणाऱ्याची, म्हणजे ठेकेदाराची. हाताशी असलेली साधने इथे ठरतात. आमच्याकडे एक ऑनलाइन शीट, तिची दोन पाने.

पाचवी ओळ उपठेकेदाराची. खिडकी बनवणाऱ्या सुताराला लागते तेवढी बारीक माहिती. शीटमध्ये अ‍ॅलर्जीच्या जागी मनाला येईल ते न लिहिता ठरलेल्या यादीतूनच निवडायचे, नाहीतर एक जण 'नट्स' लिहितो, दुसरा 'पीनट' आणि तिसरा 'दाणे'. मग शोधताना दोन सुटतात.

सहावी ओळ म्हणजे प्रत्यक्ष उभे घर. आज चालू असलेली शाळा, यंदाची खरी मुले, खरा रविवार.

सहा ओळी आणि सहा रकाने, म्हणून छत्तीस खण. आमच्या समितीत त्या संध्याकाळी छत्तीसचा आकडा होताच, तो असा कामाला आला.

इथे एक गैरसमज टाळा. खालच्या ओळी म्हणजे वरच्याच ओळीचा जास्त तपशील नव्हे. आर्किटेक्टचा नकाशा म्हणजे मालकाच्या चित्राची मोठी प्रत नाही. नजर बदलली की चिंता बदलते. मालकाला खोलीत ऊन येईल का हे हवे असते, ठेकेदाराला तुळई किती वजन पेलेल हे. तपशील कुठल्याही ओळीत कमी-जास्त करता येतो. नजर मात्र ओळीगणिक बदलतेच. नोकरीत "बिझनेसवाल्यांना आमचे कळत नाही" असे तुम्ही कधी म्हणाला असाल, तर बहुतेक वेळा तुम्ही चौथ्या ओळीतून बोलत होतात आणि ते दुसऱ्या ओळीतून ऐकत होते.

मूलद्रव्ये आणि संयुगे

आता आवर्त सारणीकडे परत येऊ. झॅकमन म्हणतात, एका खणात बसणारे वर्णन हे मूलद्रव्यासारखे. आणि व्यवहारात आपण जे वापरतो, म्हणजे फॉर्म, प्रणाली, कार्यपद्धतीची पुस्तिका, ती सगळी संयुगे.

शाळेचा नोंदणी फॉर्मच घ्या. त्यात मुलाची माहिती आहे (काय), पालकाची सही आहे (कोण), तारीख आहे (केव्हा), आणि मागे नियमही छापलेले आहेत (का). संयुगाशिवाय कारभार चालत नाही, फॉर्म लागणारच. पण संयुग हातात असले म्हणून त्यातली मूलद्रव्ये आपल्याला समजली असे होत नाही. आमची चूक तीच झाली. फॉर्म आहे म्हणजे अ‍ॅलर्जीची व्यवस्था आहे, असे आम्ही धरून चाललो.

मग दोष कुठे होता?

बैठकीनंतरच्या आठवड्यात आम्ही चौघींनी एका मोठ्या कागदावर फक्त दुसरी ओळ भरली. चहाचे दोन कप होईपर्यंत काम झाले.

'काय' मध्ये अ‍ॅलर्जी होती. 'का' मध्ये मुलांची सुरक्षितता होती. 'केव्हा' मध्ये संक्रांत होती. पण 'कसे' च्या खणात खाऊवाटप नव्हते. कुणाच्याही डोक्यात ते शाळेचे काम म्हणून नव्हतेच. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आपोआप व्हायचे: "या रविवारी खाऊ कोण आणतंय?" आणि खाऊवाटप हे काम नाही म्हटल्यावर 'कोण' मध्ये खाऊची पाळी असलेला पालक ही भूमिकाही नव्हती. भूमिका नाही म्हणून त्याला कुठली माहिती द्यायची हा प्रश्नच कधी आला नाही.

मेंडेलीव्हच्या सारणीतले रिकामे घर ते हेच. अ‍ॅलर्जीची माहिती गोळा होत होती, पण ती वापरणारे एकही काम ओळीत लिहिलेले नव्हते. वर्गीकरणाचा एक साधा नियम इथे हाताशी येतो: एका ओळीतले सहाही खण एकमेकांशी जुळले पाहिजेत. 'काय' मधल्या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून विचारा, ही कुठले काम वापरते? उत्तर नसेल तर एक तर ती माहिती उगाच गोळा होते आहे, किंवा एखादे काम यादीतून निसटले आहे. दोन्ही कळणे चांगलेच.

उपाय लहान निघाला. खाऊवाटप हे काम म्हणून लिहिले. त्याला एक जबाबदार व्यक्ती दिली. दर शुक्रवारी ती व्यक्ती पाळी असलेल्या पालकांना निरोप पाठवते: "या वर्गात शेंगदाणे आणि अंडे नको." त्यात कुठल्याही मुलाचे नाव नसते. आरोग्याची माहिती इथल्या कायद्यात विशेष जपायच्या माहितीत मोडते, आणि खाऊ आणणाऱ्याला नाव कळण्याची गरजही नाही. हा शेवटचा निर्णयही 'कोण' आणि 'काय' सुटे केल्यामुळेच सुचला.

नंतर त्याच कागदाचा आणखी एक उपयोग झाला. एक कुटुंब पुण्याला परत गेले आणि त्यांनी मुलांची माहिती पुसून टाकायला सांगितली. इथल्या कायद्याप्रमाणे अशा विनंतीला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. आम्ही 'कुठे' चा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला आणि चार जागा निघाल्या: ऑनलाइन शीट, कागदी फाइल, एका शिक्षिकेचा लॅपटॉप आणि जुना ईमेल गट. एरवी आम्ही पहिलीच पुसली असती आणि सुटलो म्हटले असते.

मोठ्या कारभारात हेच

हाच प्रश्न जगभरच्या कंपन्यांना एकदम पडला तो २००० साल जवळ आले तेव्हा. जुन्या प्रणालींमध्ये जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवत, त्यामुळे '००' म्हणजे १९०० की २००० हे संगणकाला कळणार नव्हते. पुण्या-मुंबईचे कितीतरी तरुण अभियंते त्याच कामासाठी पहिल्यांदा परदेशी आले. वाचकांपैकी काहींना ते दिवस आठवत असतील. दुरुस्ती म्हणाल तर बहुतेक ठिकाणी सोपीच. वेळ गेला तो तारीख कुठेकुठे दडली आहे हे शोधण्यात. पाचव्या ओळीतल्या दोन आकड्यांवर वरच्या ओळींतली किती कामे आणि किती मुदती टांगलेल्या आहेत, याचा नकाशाच कित्येकांकडे नव्हता.

अमेरिकेत १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने तर सरकारी खात्यांच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यांवर अशी रचना तयार करून सांभाळण्याची जबाबदारीच टाकली. म्हणजे हा विषय नुसत्या हौसेचा उरला नाही.

चौकट काय करत नाही

इथे सावध राहायला हवे, कारण या चौकटीचे नाव ऐकून कंटाळलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. कारण बहुधा एकच असते. कुणीतरी छत्तीसच्या छत्तीस खण भरायचे ठरवतो, सहा महिने कागद तयार होतात, आणि तोवर कारभार बदललेला असतो.

चौकट ही कामाची पद्धत नाही. आधी काय करा, मग काय करा, हे ती सांगत नाही. तसे टप्पे हवे असतील तर १९९५ मध्ये पहिल्यांदा आलेल्या टोगॅफसारख्या पद्धती आहेत, आणि दोन्ही एकत्र वापरता येतात. कपाट स्वयंपाक करत नाही. पण डबे जागच्या जागी असतील तर मीठ संपले आहे हे फोडणी टाकण्याआधी कळते.

म्हणून प्रश्न हातात घेऊन खण निवडायचे. कोणत्या माणसाच्या अनुपस्थितीत काम अडते? 'कोण' बघा. दोन विभागांचे आकडे जुळत नाहीत? 'काय' च्या दुसऱ्या ओळीत 'ग्राहक' या शब्दाचा अर्थ दोघांना एकच वाटतो का ते तपासा. साधन बदलायचे आहे? आम्ही उद्या ऑनलाइन शीट सोडून दुसरे काही घेतले तर पहिल्या तीन ओळींना धक्का लागायचे कारण नाही. लागत असेल, तर ओळींची सरमिसळ झाली आहे असे समजा.

आता तुमची पाळी

वाचून विषय कळतो, पण अंगवळणी पडत नाही. म्हणून एक गृहपाठ. तुमचे मंडळ, तुमची शाळा किंवा नोकरीतली एखादी प्रणाली घ्या. कागदावर सहा रकाने आखा आणि फक्त दुसरी ओळ भरा, त्या कारभारातल्या माणसांच्याच शब्दांत. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका. मग तीन प्रश्न विचारा.

१. 'काय' मधली कोणती माहिती कुठल्याच कामाला लागत नाही?
२. 'कसे' मधल्या कोणत्या कामासमोर 'कोण' म्हणून एकाच माणसाचे नाव येते? ते गाव सोडून गेले तर?
३. 'का' मध्ये लिहिलेल्या कोणत्या हेतूसाठी एकही काम होत नाही?

तिसरा प्रश्न जरा झोंबतो. आमच्या कागदावर 'मुले सुरक्षित असावीत' हे वाक्य ठळक होते, आणि खाऊच्या बाबतीत त्याच्या समोर काहीही नव्हते.

शाळा सप्टेंबरपासून परत सुरू झाली आहे. शुक्रवारचा निरोप अजून एकदाही चुकलेला नाही. आणि येत्या संक्रांतीचे लाडू करायचे त्याच दादांनी आपणहून घेतले आहेत, या वेळी नुसत्या तिळाचे.